जुन्या कूलरला नवी ताटी, नवा पंखा, नवी मोटर: मेळ कसा जमवायचा

माझं मोटर रिवायंडिंगचं छोटं दुकान आहे, अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडच्या एका गावात. होळी झाली की लोक माळ्यावरचे, गोठ्यातले कूलर बाहेर काढतात आणि दुकानासमोर रांग लागते. त्यात एक तक्रार ठरलेली: "पंखा मोठा बसवला न भाऊ, तरी गरमच हवा फेकते."

मागच्या उन्हाळ्यात हीच तक्रार घेऊन आमच्या शाळेतल्या नव्या मॅडम आल्या. बदली होऊन रत्नागिरीकडून आलेल्या. भाड्याचं घर टिनाचं, घरमालकाचा जुना पत्र्याचा कूलर. त्यात १५ इंची पंखा होता, तो पुरेना म्हणून त्यांनी १८ इंची, जोरात फिरणारा पंखा आणून बसवला. आता हवा धडाधड यायची, पण लू घरात घेतल्यासारखी, आणि वर अंगावर पाण्याचे शिंतोडे. त्यांचे वडील फोनवर म्हणाले, "कूलर हे यंत्रच बोगस आहे." रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाचं हे म्हणणं खरंच आहे, पण आमच्याकडे ते लागू होत नाही. का, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं गणित त्यावर उभं आहे.

कूलर हवा थंड करतो ते पाणी वाळवून. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते, आणि ती पाणी हवेतूनच ओढून घेतं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी भराभर वाळतं, तितकी हवा निवते. कोकणात मे महिन्यात ३३ अंश तापमान असलं तरी हवा आधीच ओली. तिथे कूलर चार अंश उतरवेल, बाकी नुसती चिकचिक. आमच्याकडे ४४ अंशांची तपन असते, पण हवा कडक कोरडी. नीट जमलेला कूलर इथे हवा पंधरा अंशांनी खाली आणतो. ४४ ची २९ होते. हे मी थर्मामीटर लावून पाहिलेलं आहे, आणि तुम्हीही पाहू शकता, त्याची रीत पुढे देतो.

"नीट जमलेला" म्हणजे काय? खोलीला किती हवा पाहिजे, पंखा किती ओढतो, ताटीतून, म्हणजे कूलरच्या बाजूच्या ओल्या भिंतीतून, किती हवा ओली होऊन निघू शकते, पाण्याची मोटर त्या ताटीला किती पाणी देते आणि घरात तेवढं पाणी आहे का. या पाचांत जो सगळ्यांत कमजोर, तोच तुमचा कूलर ठरवतो. एकाला मोठं केलं आणि बाकीचे तसेच ठेवले, तर बहुतेक वेळा काम बिघडतं. मॅडमच्या कूलरचं तेच झालं होतं. त्यांचेच आकडे घेऊन एकेक पायरी चढू.

पायरी पहिली: खोली मोजा

टेप घ्या. लांबी, रुंदी, उंची फुटांत. मॅडमची खोली १४ फूट लांब, १२ फूट रुंद, १० फूट उंच. गुणाकार १,६८० घनफूट. पंख्याच्या पाटीवर जो सीएफएमचा आकडा असतो, तो म्हणजे एका मिनिटाला किती घनफूट हवा. आमच्या कोरड्या भागात स्लॅबच्या, सावलीतल्या खोलीची हवा दोन मिनिटांत एकदा बदलली तर भागतं, म्हणजे ८४० सीएफएम. टिनाच्या घराला मी मिनिटाला एकदा धरतो, म्हणजे पूर्ण १,६८०. कारण दुपारी दोन वाजता टिनाला हात लावून बघा, ठेवता येत नाही. ती सगळी धग खाली खोलीत उतरत असते.

इथेच थांबून एक विचार करा. कूलर मोठा करण्याआधी खोलीची गरज लहान करता येते का? टिनावर बाहेरून चुन्याचे दोन हात मारले, आत बांबूचे तट्टे किंवा जुन्या सुती लुगड्यांचं छत ताणून टिन आणि खोली यांच्यात हातभर पोकळी सोडली, पश्चिमेच्या भिंतीसमोर मांडव घातला, तर पंख्यावरचा भार उतरतो. मोठ्या खोलीत मधे पडदा लावून झोपण्यापुरता भाग वेगळा केला तरी घनफूट निम्मे होतात. या कामाला वीज लागत नाही आणि पाणीही लागत नाही. माझ्याकडे मोठा पंखा मागायला आलेल्याला मी आधी हेच विचारतो, छताला चुना लावला का. धंदा बुडतो म्हणून दुकानाशेजारचे हसतात, पण ज्या घरात पाणी टँकरचं आहे त्या घराला मोठा पंखा विकणं मला पटत नाही.

पायरी दुसरी: पंख्याची पाटी वाचा

पंख्याच्या मोटरच्या पाठीवर पाटी असते. त्यावर पात्यांचा घेर इंचांत, फेरे आणि बहुधा हवेचा आकडा असतो. हवा घनमीटर प्रति तासात दिली असेल तर १.७ ने भागा, सीएफएम मिळतात.

कूलरच्या पंख्यांत बहुतेक दोन जाती: मिनिटाला सुमारे १,४०० फेऱ्यांचा आणि सुमारे ९०० फेऱ्यांचा. दुकानात "हाय स्पीड" म्हणून १,४०० वाला पुढे केला जातो. नवख्या माणसाला तोच भारी वाटतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एकाच घडणीच्या पंख्यात हवा फेऱ्यांच्या पटीत वाढते, पण वीज फेऱ्यांच्या घनाने. म्हणजे १,४०० वरून ९०० वर आलात तर हवा दोन तृतीयांशाच्या थोडी खाली येते आणि पात्यांना लागणारी ताकद जवळजवळ पाव होते. आणि घेर वाढवला तर हवा घेराच्या घनाने वाढते: त्याच फेऱ्यांना १५ च्या जागी १८ इंची पंखा पावणेदोन पट हवा देतो. म्हणून हवा हवीच असेल तर मोठा घेर आणि कमी फेरे घ्या. आवाज कमी, बिल कमी, आणि इन्व्हर्टरवरही जास्त वेळ चालतो.

पाटीवरचा आकडा मोकळ्या पंख्याचा असतो. समोर ओली ताटी आली की ओढ कमी होते. मी चौथा हिस्सा कापूनच हिशेब करतो. मॅडमच्या जुन्या १५ इंची, ९०० फेऱ्यांच्या पंख्यावर १,६०० लिहिलेलं होतं, म्हणजे हातात पडत होते १,२००. खोलीची गरज १,६८०. त्यांना हवा कमी पडत होती हे अगदी बरोबर होतं. पण त्यांनी आणलेला १८ इंची, १,४०० फेऱ्यांचा पंखा पाटीवर ४,३०० चा. कापून ३,२०० च्या वर. गरजेच्या जवळजवळ दुप्पट.

आता कुणी म्हणेल, जास्त हवा तर बरीच ना? इथेच ताटीचा प्रश्न येतो.

पायरी तिसरी: ताटी मोजा

ताटी म्हणजे कूलरच्या तीन बाजूंची ओली भिंत. पूर्वी दारांना, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारायचे, तोच शब्द कूलरला आला. आज दोन प्रकार चालतात. एक, लाकडाच्या बारीक काड्यांची, जिला सगळे "गवत" किंवा वूडवूल म्हणतात. दुसरी हनीकोंब, पुठ्ठ्यासारख्या कागदाची, मधाच्या पोळ्यासारखी घरं असलेली.

हवा ताटीतून जाताना तिला पाण्याशी भेटायला वेळ मिळाला पाहिजे. फार वेगाने ओढली तर ती गरमच्या गरम आरपार जाते, आणि जाताना पाण्याचे थेंब उचलून नेते. अंगावर शिंतोडे येतात ते याचंच लक्षण. लोक समजतात पाणी जास्त झालं, आणि पाण्याच्या मोटरची कळ बंद करून ठेवतात. मग ताटी वाळते आणि हवा अजून गरम.

हिशेबाला हे दोन आकडे पुरेत: गवताच्या ताटीच्या एका चौरस फुटातून मिनिटाला १५० घनफूट हवा, आणि चार इंच जाड हनीकोंबच्या एका चौरस फुटातून २५० घनफूट. पोल्ट्रीच्या शेडमध्ये, हरितगृहात ताट्या लावणारे लोकही हेच माप धरतात. घरच्या कूलरमध्ये थोडं इकडेतिकडे चालतं, पण दीडपट ओलांडलं की बिघाड सुरू.

आता मोजा. मोजताना चौकट सोडून फक्त जाळीचं उघडं तोंड घ्या. मॅडमच्या कूलरची मागची ताटी २२ गुणिले २४ इंच, बाजूच्या दोन १८ गुणिले २४. बेरीज १,३९२ चौरस इंच, १४४ ने भागलं की साधारण ९.७ चौरस फूट. गवत असेल तर हा कूलर १,४५० सीएफएम नीट थंड करेल. चार इंची हनीकोंब असेल तर २,४०० पर्यंत. आणि नवा पंखा ओढत होता ३,२००, तेही गवताच्या ताटीतून. दुप्पटीहून जास्त. मग लू घरात घेतल्यासारखं वाटणारच.

आमच्या बसण्याच्या बाकावर कागद ठेवून आम्ही हे लिहिलं, तेव्हा मॅडमच म्हणाल्या, "काका, मग १८ इंचीच ठेवायचा, पण ९०० चा. आणि ताटी बदलायची." अगदी तेच. १५ इंचीच्या १,६०० चे पावणेदोन पट झाले २,७५० च्या आसपास, चौथा हिस्सा कापून २,०५०. खोलीला लागतात १,६८०, चार इंची हनीकोंब सोसते २,४००. दोन्हींच्या मधोमध. दुकानदाराने वापरलेला पंखा बदलून द्यायला खळखळ केली, थोडे पैसे कापले, पण दिला.

हनीकोंब घेताना तीन गोष्टी पाहा. जाडी स्वतः मोजा. दोन इंची ताटीला चार इंचीच्या बरोबरीची धरू नका. गवताच्या जुन्या चौकटीत दोन इंचीच बसते, म्हणून चार इंचीसाठी पत्रेवाल्याकडून चौकट खोल करून घ्यावी लागते. आमच्याकडे तालुक्याला हे काम तासाभरात होतं. दुसरं, दिशा. हनीकोंबच्या नळ्या दोन उतारांच्या असतात, एक जास्त तिरपी, एक कमी. जास्त उताराच्या नळीचं खालचं टोक बाहेरच्या, म्हणजे हवा शिरते त्या बाजूला आलं पाहिजे. उलटी बसवली तर पाणी पंख्याकडे वाहतं. तिसरं, फट. ताटी चौकटीत घट्ट बसली पाहिजे. गवत आठ-पंधरा दिवसांत खाली बसतं आणि वरच्या कडेला दोन बोटं मोकळी राहतात. हवेला ओल्या गवतातून वाट काढण्यापेक्षा त्या फटीतून यायला सोपं जातं, मग ती तिथूनच येते, कोरडी आणि गरम. मूठभर गवत वर कोंबलं तरी फरक हाताला कळतो.

गवत की हनीकोंब, याचं एकच उत्तर नाही. आमचा हा पट्टा खारपाणपट्टा, पूर्णा नदीच्या खोऱ्यातला. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरलाय. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. ते पाणी कूलरमध्ये टाकलं की वाळताना क्षार मागे ठेवतं, आणि महिन्याभरात हनीकोंबच्या घरांवर पांढरा थर चढतो. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत घरं बुजतात. ज्यांच्याकडे फक्त बोअर आहे त्यांना मी गवतच सांगतो: दरवर्षी बदला, स्वस्त पडतं. पण मग पंखा गवताच्या मापाचा ठेवा. नळयोजनेचं गोडं पाणी येत असेल तर हनीकोंब घ्या, तीन-चार उन्हाळे निघतात. खारं पाणीच वापरायचं आणि हनीकोंबही वाचवायची, तर टपातलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढून टाका, नुसतं वरून भरत राहू नका. वाफ होते ती शुद्ध पाण्याची, मीठ टपातच साचत जातं.

पायरी चौथी: मोटर, आणि बाटलीची परीक्षा

कूलरच्या छोट्या पाण्याच्या मोटरवर लिहिलेलं असतं, तासाला ११०० लिटर वगैरे. तो आकडा पाणी वर न चढवता, आहे त्याच पातळीला सोडलं तर. आणि तिच्यावर जी उंची लिहिलेली असते, तिथे पोचल्यावर थेंबही येत नाही. तुमचा कूलर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी. म्हणून पाटी सोडा, मोजा.

वरच्या नळीचं तोंड काढा, त्याच उंचीवर एक लिटरची रिकामी बाटली धरा, मोबाइलवर सेकंद मोजा. किती पाणी पाहिजे ते ताटीच्या वरच्या कडेच्या लांबीवरून: गवताला दर फुटाला मिनिटाला सव्वा लिटर, चार इंची हनीकोंबला जवळपास दोन लिटर. मॅडमच्या तिन्ही ताट्यांची वरची कड मिळून ५८ इंच, पाच फुटांना थोडी कमी. हनीकोंबला नऊ-दहा लिटर मिनिटाला. म्हणजे बाटली सहा-सात सेकंदांत भरली पाहिजे. त्यांची जुनी मोटर सोळा सेकंद घेत होती. तिच्या जाळीत शेवाळ आणि गवताचे तुकडे अडकले होते. साफ केल्यावर अकरा. तरी कमी, म्हणून मोटर एक नंबर मोठी घेतली.

हे सगळं पाणी वाळत नाही, बरंचसं खाली टपात परत येतं. ते तसंच पाहिजे. ताटी धुतली जाते, धूळ आणि क्षार खाली उतरतात. पाणी चालू ठेवून कूलरच्या मागे जा आणि ताटीवर तळहात वरपासून खालपर्यंत फिरवा. कुठे कोरडा पट्टा लागला तर त्यावरचं भोक बुजलंय. सुई किंवा जुन्या छत्रीची काडी घेऊन मोकळं करा. कूलर जमिनीवर तिरका असला तरी एक बाजू कोरडी राहते, पायाखाली विटेचा तुकडा सारून पाणी वरच्या नळीत सारखं पसरतंय का पाहा.

पायरी पाचवी: घरात तेवढं पाणी आहे का

हा हिशेब शहरातले लोक करत नाहीत, आपल्याला करावा लागतो. ताटीतून जाणाऱ्या दर १,००० सीएफएम हवेला, दुपारच्या पंधरा अंशांच्या उतारासाठी, तासाला साधारण १२ लिटर पाणी वाळतं. मॅडमच्या कूलरला २५ लिटर तासाला. सत्तर लिटरचा टप तीन तासही पुरत नाही. रात्री हवा निवलेली असते, उतार दहा अंशांचा धरला तरी सोळा लिटर. झोपेचे आठ तास म्हणजे सव्वाशे लिटरच्या वर, दहा-बारा गुंड पाणी.

मे महिन्यात ज्या गावात चार दिवसांआड नळ येतो तिथे हे पाणी कुठून आणायचं? म्हणून पंखा घेतानाच विचारा, आपल्याला रोज किती पाणी देता येईल. दीडशे लिटर देता येणार असेल आणि सहा तास कूलर हवा असेल, तर २,००० सीएफएमच्या वर जाऊ नका. त्याहून कमी पाणी असेल तर पंखा लहान, खोलीचा पडद्याने केलेला भाग लहान. वेग कमी केला की पाणीही त्याच प्रमाणात कमी लागतं, म्हणून वेगाचं बटण असलेला पंखा घ्या.

खिडकी आणि बाहेर जायची वाट

कूलर खिडकीबाहेर, शक्यतो उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत. ताट्यांच्या मागे दोन फूट मोकळं. भिंतीला चिकटवलेला कूलर श्वास कुठून घेणार?

आणि समोरची वाट उघडी ठेवा. हे लोकांच्या गळी उतरवणं सगळ्यांत अवघड आहे, कारण थंड हवा बाहेर जाताना पाहून जीव तुटतो. आमच्याच घरी, वडील असताना, मी सगळी दारं-खिडक्या लावून घ्यायचो. दोन दिवसांत आईच्या वाळवलेल्या कुरड्या नरम पडल्या, गादीला ओल आली, आणि तिसऱ्या दिवशी वडील उठून ओसरीत जाऊन झोपले. खोलीत ओली हवा कोंडली की अंगावरचा घाम वाळत नाही आणि कूलरलाही नवी हवा ढकलता येत नाही. दर ५०० सीएफएमला एक चौरस फूट उघडं तोंड ठेवा. मॅडमना चार चौरस फूट, म्हणजे समोरच्या भिंतीतली दोन बाय दोनची खिडकी. ज्या खोलीतून हवा न्यायची आहे तिकडची खिडकी उघडली की हवा तिकडेच वळते, म्हणजे एका कूलरवर मधली खोलीही निवते.

थर्मामीटरने परीक्षा

सगळं बसवून झालं की अंदाजावर सोडू नका. भिंतीवर टांगायचे काचेचे दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या खालच्या फुग्याला पातळ मलमलीची चिंधी गुंडाळून पाण्याने भिजवा आणि सावलीत टेबलफॅनसमोर पाच मिनिटं धरा. त्याचा आकडा खाली उतरत जाऊन एका जागी थांबेल. तिथपर्यंतच त्या दिवशी कूलर हवा नेऊ शकतो, त्याच्या खाली कधीच नाही. दुसरा कोरडा थर्मामीटर त्याच सावलीत, मग कूलरच्या तोंडाशी.

आम्ही मोजलं त्या दिवशी बाहेर ४४, ओल्या चिंधीचा २३, कूलरच्या तोंडाशी २८ आणि अर्धा. शक्य उतार २१ अंश, मिळालेला साडेपंधरा. शंभरात चौऱ्याहत्तर. सत्तरच्या वर आलं की कूलर जमला. पन्नास-साठ येत असेल तर ताटीचा दोष: कोरडे पट्टे, फट, किंवा पंखा ताटीच्या मानाने मोठा.

बिघाड शोधायलाही हीच रीत. कूलरच्या तोंडाशी हवा थंड आहे पण खोली निवत नाही, तर हवा कमी पडतेय किंवा बाहेर जायची वाट बंद आहे किंवा टिन तापतंय. तोंडाशीच हवा गरम, तर ताटी आणि पाणी बघा. माझ्या दुकानात येणारे निम्मे पंखे नुसते या एका प्रश्नाने बदलायचे वाचतात.

संध्याकाळी पंखा मंद होतो ती तक्रार वेगळी. गावात सगळ्यांचे कूलर एकदम लागले की व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १८० आलं तर पंख्याच्या मोटरचा जोर चाळीस टक्क्यांनी घटतो. तिथे पंखा बदलून उपयोग नाही.

विजेचं, हात जोडून

पत्र्याचा कूलर, ओली जमीन, अनवाणी पाय आणि सैल वायर. आमच्या भागात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यांत लहान मुलं असतात. मी अशा घरी जाऊन आलोय. पाणी भरताना फक्त बटण बंद करून चालत नाही, प्लग हाताने काढा. महावितरणही दर उन्हाळ्यात हेच सांगतं. प्लग तीन पिनांचाच, आणि तिसरी वायर पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळलेली. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

अर्थिंग आहे एवढ्यावर थांबू नका. आमची काळी माती एप्रिलमध्ये भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि ती अर्थिंग नावापुरती उरते. आठवड्यातून दोनदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, टपातलं काढलेलं खारं पाणी असलं तर उत्तमच. नवी मोटर पाण्यात सोडताना तिची वायर जोड न देता थेट बाहेर कोरड्या जागेपर्यंत आणा. पाण्याजवळ टेपने गुंडाळलेला जोड कधीच नको.

आठवड्यातून एक दिवस टप रिकामा करा, आतून ब्रशने घासा, ऊन लागू द्या. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. अंडी पाण्याच्या कडेला पत्र्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, घासणं आहेच.

पाऊस लागल्यावर

नवतपा सरतो, मृग लागतो, जूनच्या मध्यावर पाऊस येतो. हवा ओली झाली की ओल्या चिंधीचा आकडा २९ वर चढतो आणि बाहेर ३४ च असतं. मग कूलर फार तर साडेतीन-चार अंश देईल. तेव्हा पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालवा. या दिवसांत "कूलर खराब झाला" म्हणून नवी ताटी घेऊ नका.

कूलर ठेवून देताना पाणी काढा, मोटर काढून धुऊन घरात ठेवा, आणि ताट्या पूर्ण वाळेपर्यंत दोन-तीन तास कोरडा पंखा चालवा. ओली हनीकोंब तशीच झाकली तर श्रावणापर्यंत तिला बुरशी लागते. गवत असेल तर काढून टाका, पुढच्या वर्षी नवंच लागेल.

आणि झाकण्याआधी काळ्या रंगाने मागच्या पत्र्यावर लिहून ठेवा. मॅडमच्या कूलरवर लिहिलंय: "खोली १६८०. पंखा १८ इंची, ९०० फेरे. ताटी ४ इंची, ९.७ चौ. फूट. बाटली ७ सेकंद." उद्या त्यांची बदली झाली तरी त्या घरात पुढे जो राहायला येईल त्याला दुकानात काय मागायचं ते पत्र्यावरच वाचता येईल.